हप्त्याचे कर्ज आणि धंद्याचे भांडवल

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय 'लघुकर्ज आणि छोट्या धंद्यांची वाढ' असा आहे. या दोन गोष्टींचा उच्चार आपण नेहमी जोडीने करतो. त्यामुळे पहिली झाली की दुसरी आपोआप होते, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. गरिबाला थोडे कर्ज द्यावे, तो धंदा सुरू करील, धंदा वाढेल आणि दारिद्र्य हटेल, असे बँकांचे अधिकारी म्हणतात, मंत्री म्हणतात आणि आपल्या व्यासपीठांवरूनही म्हटले जाते. या समजुतीची आज तपासणी करावी असे मला वाटते. आपल्यापैकी कित्येक जण बचत गटांचे काम करतात. गटातील भगिनी कर्जाच्या कागदावर सही करतात तेव्हा त्यांनी आपल्यावर टाकलेला विश्वासही त्या कागदात गुंतलेला असतो. म्हणून हा हिशेब आपण स्वतःला विचारला पाहिजे.

आरंभी माझ्याच अनुभवातील एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावातील बैठकीत मी एका भगिनीला शिलाई यंत्रासाठी कर्ज घेण्याचा आग्रह केला होता. पुढे दीड वर्षाने त्या गावी गेलो, तेव्हा त्या शेतावर खुरपणीला गेल्या होत्या. संध्याकाळी भेटल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, यंत्र घरात आहे, पण हप्ता खुरप्यावर फेडते." त्याच वर्षी त्याच गटातील आणखी तिघींनी शिलाई यंत्रेच घेतली होती. गाव तेवढेच, शिवून घेणारी घरे तेवढीच. शिलाईचा दर मात्र उतरला. शाळेच्या गणवेषांचे काम तालुक्याच्या व्यापाऱ्याकडे गेले होते. यंत्राचा हप्ता भरण्यासाठी त्यांनी दुसऱ्या संस्थेचे कर्ज घेतले होते, आणि त्या दुसऱ्या कर्जासाठी मजुरी चालू होती. एकही हप्ता थकलेला नव्हता. संस्थेच्या दप्तरी हे कर्ज शंभर टक्के यशस्वी ठरले असणार! मला मात्र त्या दिवशी मान वर करून बोलता आले नाही.

पतीचा प्रश्न जुना आहे

गरिबाच्या कर्जाचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. त्या उठावानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९५४ साली, अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सुमारे ३ टक्के सहकारी संस्थांकडून आणि सुमारे ७० टक्के सावकारांकडून येते, असे त्यात आढळले. पन्नास वर्षांच्या सहकाराचे फळ एवढेच होते!

बँका समाजाच्या मालकीच्या झाल्या पाहिजेत, ही मागणी या वास्तवातून बळावली. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ साली प्रादेशिक ग्रामीण बँका निघाल्या आणि १९८२ साली नाबार्डची स्थापना झाली. बँकेची शाखा खेड्यात पोहोचली ती या धोरणामुळे. तथापि शाखा गावात आली तरी भूमिहीन स्त्रीला तिचा उंबरठा ओलांडता आला नाही. तारण नाही, जामीन नाही, मग कर्ज कसले? एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात उद्दिष्टे पुरी करण्यासाठी म्हशी वाटण्यात आल्या. परंतु चारा, गुरांचा डॉक्टर आणि दूधसंकलन यांपैकी काहीच नव्हते अशा ठिकाणी म्हशी विकल्या गेल्या आणि थकबाकी मागे उरली. ही पोकळी आपणच शिल्लक ठेवली. खासगी लघुवित्त कंपन्या पुढे तिच्यातच शिरल्या. त्यांच्यावर टीका करण्यापूर्वी एवढे कबूल करणे प्रामाणिकपणाचे होईल.

बांबू विसरला, हप्ता राहिला

लघुकर्जाच्या चळवळीचे मूळ १९७६ साली बांगलादेशातील चितगावजवळच्या जोब्रा या खेड्यात सापडते, असे सांगतात. अर्थशास्त्राचे प्राध्यापक महंमद युनूस यांनी तेथे ४२ जणांची यादी केली. त्या सर्वांना मिळून लागणारी रक्कम होती ८५६ टाका, म्हणजे त्या वेळचे २७ डॉलर. ती त्यांनी स्वतःच्या खिशातून दिली. यातून १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ साली युनूस व ती बँक यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या गोष्टीचा एक भाग मात्र सांगताना गळून जातो. जोब्रातील बांबूचे मोडे विणणारी स्त्री गरीब होती, कारण बांबूसाठी पैसे देणारा व्यापारीच तयार मोडा ठरल्या भावाने घेऊन जात असे. कच्चा माल त्याच्या हाती आणि विक्रीही त्याच्याच हाती. मध्ये फक्त तिचे श्रम. तिला जखडणारी साखळी व्याजाइतकीच बाजाराची होती. २७ डॉलरमुळे तिला आपला मोडा दुसऱ्याला विकण्याची मोकळीक मिळाली, हे त्या कर्जाचे खरे मोल होते. जगभर या प्रयोगाचे अनुकरण झाले ते गटाच्या जामीनकीचे आणि आठवड्याच्या हप्त्याचे. बांबू कोणाकडून येतो आणि मोडा कोण घेतो, हे दोन प्रश्न मागे पडले.

आपल्याकडे हेच काम जोब्राच्या आधी सुरू झाले होते. अहमदाबादेत इला भट यांच्या नेतृत्वाखाली १९७२ साली 'सेवा' ही स्वयंरोजगारी स्त्रियांची कामगार संघटना उभी राहिली. सकाळी ५० रुपये घेऊन संध्याकाळी ५५ परत करणाऱ्या भाजीविक्रेत्या स्त्रिया तिच्या सभासद होत्या. १९७४ साली सुमारे चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक काढली. आधी संघटना, मग बँक, हा क्रम ध्यानात घ्या. मुंबईच्या गिरणगावात प्रेमा पुरव यांनी १९७५ साली १४ खानावळवाल्या स्त्रियांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळाचे काम सुरू केले. या स्त्रियांना वाण्याकडून उधारीवर धान्य घ्यावे लागे आणि भावही तोच ठरवी. राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळाल्यावर त्या रोखीने धान्य घेऊ लागल्या.

अन्नपूर्णाच्या यशाला आणखी एक आधार होता. खानावळीत जेवणारा गिरणी कामगार दरमहा पगार घेत होता. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, आणि त्याची झळ खानावळीच्या चुलीपर्यंत पोहोचली. छोट्या धंद्याचे गिऱ्हाईक बहुधा दुसरा गरीबच असतो. त्याची मजुरी वाढली नाही तर कितीही कर्जे दिली तरी विक्री वाढत नाही. मजुरीचा लढा आणि छोट्या धंद्याची वाढ हे दोन वेगळे कार्यक्रम आहेत असे समजणे चूक आहे.

आंध्रचा धडा

१९९२ साली नाबार्डने पाचशे बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला आणि त्याचा मोठा विस्तार झाला. त्याच रस्त्याने नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्याही आल्या. त्यांच्या हिशेबाची रीत पाहा. दहा हजारांचे कर्ज, ५० आठवड्यांचे हप्ते, व्याज 'सपाट' १२ टक्के. एकूण परतफेड ११,२०० रुपये, म्हणजे आठवड्याला २२४. ऐकताना १२ टक्के स्वस्त वाटतात. परंतु मुद्दल दर आठवड्याला कमी होत जाते. वर्षभरात त्या स्त्रीच्या हाती सरासरी साधारण पाच हजारच राहतात. पाच हजारांवर बाराशे व्याज, म्हणजे दर सुमारे २४ टक्के झाला! आपल्या गटातील किती जणींना हा हिशेब आपण फळ्यावर मांडून दाखविला होता?

२०१० च्या ऑगस्टमध्ये एसकेएस मायक्रोफायनान्स या कंपनीने आपले भाग बाजारात विकून सुमारे सोळाशे कोटी रुपये उभे केले. त्याच सुमारास आंध्र प्रदेशातून एकाच स्त्रीच्या डोक्यावर चार-चार संस्थांची कर्जे, दारात बसून वसुली आणि कर्जदारांच्या आत्महत्या अशा बातम्या येऊ लागल्या. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला आणि वसुली कोसळली. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीने जानेवारी २०११ मध्ये व्याजावर २४ टक्क्यांची मर्यादा सुचविली. पुढे २०२२ च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेने दरावरील मर्यादा काढून टाकली आणि कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाऊ नये असा नियम केला. म्हणजे अर्धे उत्पन्न हप्त्यात गेले तरी ते नियमात बसते! फेब्रुवारी २०२५ मध्ये सक्तीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटकालाही वटहुकूम काढावा लागला. आंध्रच्या घटनेला तेव्हा चौदा वर्षे उलटून गेली होती.

धंदा वाढतो का?

वसुलीतील जुलूम थांबला, व्याज उतरले, असे क्षणभर गृहीत धरू. मग तरी धंदा वाढतो का? हैदराबादच्या १०४ वस्त्यांमध्ये याची पाहणी झाली आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून निम्म्या वस्त्या निवडल्या. तेथे एका कंपनीचे लघुकर्ज आधी सुरू झाले, इतरत्र नंतर. दोन्हीकडील कुटुंबांची तुलना केली, तेव्हा काही चांगले आढळले. कर्ज मिळालेल्या वस्त्यांत टिकाऊ वस्तूंवरील खर्च वाढला होता. पान, तंबाखू, चहा यांवरील कमी झाला होता. गरीब माणूस पैसे उधळतो, हा आरोप त्यामुळे खोटा ठरतो. परंतु कुटुंबाचा एकूण उपभोग, मुलांचे शिक्षण, आरोग्य, घरातील स्त्रीचा अधिकार यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आधीपासून धंदा असलेल्यांनी त्यात अधिक पैसे घातले. नफा वाढला तो मुख्यतः ज्यांचा धंदा आधीच चांगला चालत होता त्यांचा. कर्जामुळे जे नवे धंदे निघाले ते इतरांहून लहान आणि कमी नफ्याचे होते. बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मोरोक्को आणि मंगोलिया येथील अशाच पाहण्यांबरोबर हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. लाभ थोडा आहे, कायापालट नाही, हे सर्वांचे सार होते.

असे का व्हावे? माझ्या मते याचे एक कारण पहिल्या हप्त्याच्या तारखेत आहे. कर्ज घेतल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत हप्ता सुरू होत असेल, तर कोणता धंदा करता येईल? सकाळी माल घेऊन संध्याकाळी विकण्याचा. भाजी, बांगड्या, चहा यांवर तो हप्ता निघतो. पण करडू मोठे व्हायला महिने लागतात, माग बसवायला वेळ लागतो, कातडे कमावण्यास आठवडे जातात. वस्तू निर्माण करणाऱ्या प्रत्येक धंद्याला वाट पाहावी लागते, आणि आठवड्याच्या हप्त्याला वाट पाहणे ठाऊक नसते. कोलकात्यात एका प्रयोगात काही स्त्रियांना पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी भरण्याची सवलत दिली. तीन वर्षांनंतर त्यांच्या धंद्यांचा नफा इतरांहून बराच अधिक आढळला. अर्थात त्यांच्यात थकबाकीही अधिक होती. धंद्यात जोखीम असते आणि ती कोणाला तरी सोसावी लागते, असा याचा अर्थ. आज ती संपूर्णपणे कर्जदार स्त्री आणि तिच्या शेजारणी सोसतात. थकबाकी जवळजवळ शून्य असणे हे संस्थेच्या कौशल्याचे लक्षण मानले जाते. मला त्यात जोखमीचे धंदे जन्मालाच आले नाहीत, याची खूण दिसते.

हप्त्याचे कर्ज आणि धंद्याचे भांडवल यांतील फरक तो हाच. भांडवल वाट पाहते, बुडाले तर मालकासह सोसते. हप्ता पुढच्या मंगळवारी दारात उभा असतो.

याचा परिणाम देशाच्या आकड्यांत दिसतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतीबाहेरील असंघटित धंदे ६ कोटी ३४ लाख होते. त्यांपैकी सुमारे ८४ टक्के धंद्यांत एकही पगारी माणूस नव्हता. धंद्यांची संख्या वाढणे आणि धंदे मोठे होणे या भिन्न गोष्टी आहेत. माझ्या त्या गावात शिलाई यंत्रे चार झाली, शिलाईचे दुकान एकही झाले नाही.

ऐंशी रुपयांचे काय झाले?

मग थोड्या कर्जातून काहीच उभे राहत नाही काय? राहते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी छगनलाल पारेख या समाजसेवकाकडून ८० रुपये उसने घेतले आणि पापड लाटण्यास आरंभ केला. देणगी घ्यावयाची नाही, असे त्यांनी ठरविले होते. आज लिज्जतचे पापड परदेशी जातात आणि त्या संस्थेच्या भगिनींची संख्या ४५ हजारांच्या आसपास आहे. ८० रुपयांहून लघु असे कर्ज कोणते? परंतु त्या सात जणींनी त्याचे सात वाटे करून सात पापडवाल्या उभ्या केल्या नाहीत. माल एकत्र खरेदी केला, पीठ एकत्र मळले, घरी लाटून आणलेल्या पापडाची मजुरी हातोहात दिली, विक्री एका नावाने केली आणि नफा वाटून घेतला. १९६६ साली खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता आली, म्हणजे सार्वजनिक संस्थेचे पाठबळही मिळाले.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. जयप्रकाशांच्या आंदोलनातून आलेल्या चेतना गाला सिन्हा यांनी माण तालुक्यातील स्त्रियांची बँक काढण्याचे ठरविले, तेव्हा प्रवर्तक स्त्रिया निरक्षर आहेत म्हणून परवाना नाकारला गेला. त्या स्त्रिया अक्षरे गिरवून पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखविण्यास तयार झाल्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. या बँकेची कल्पना निघाली ती लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पैसे साठवावयाचे होते आणि कोणतीच बँक तिचे खाते उघडीत नव्हती, यातून. तिला हवे होते बचतीचे ठिकाण. कर्ज हा पुढचा विषय होता.

आपण काय करावे?

या विवेचनावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, कंपन्या गेल्या तर बाई पुन्हा सावकाराच्या दारात जाईल. आक्षेप खरा आहे. म्हणूनच कंपन्या हाकलून द्या एवढाच आपला कार्यक्रम असू शकत नाही. २०१६ च्या नोटाबंदीनंतर विदर्भातील स्त्रिया लघुवित्ताच्या कर्जमाफीसाठी रस्त्यावर आल्या. त्यांचा रोकडीचा धंदा सरकारच्या निर्णयाने बुडाला होता; त्यांची मागणी न्याय्यच होती. परंतु माफीनंतरच्या सोमवारी बाजारात जाण्यासाठी पैसे कोठून आणावयाचे, याचे उत्तर आपल्याजवळ नव्हते. दुसरा आक्षेप असा की, बाजार आणि कच्चा माल हे आपल्या आवाक्याबाहेरचे विषय आहेत. मला तसे वाटत नाही, आणि त्याला महाराष्ट्रातीलच पुरावा आहे. अंगणवाडीच्या आहाराचे काम ठेकेदारांना न देता शक्यतो गावातील संस्था, बचत गट व महिला मंडळांकडे द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००४ सालचा आहे. असे असता २०१६ साली आपल्या राज्यात जी निविदा निघाली तिच्या अटी अशा होत्या की, छोटे गट बाहेरच राहावेत. ही निविदा न्यायालयाने २०१९ साली रद्द केली. कोट्यवधींची ही मागणी गावोगावी आहे, दररोजची आहे, आणि सार्वजनिक पैशाची आहे. गटांना कर्जमेळाव्यात बोलाविणारे सरकार या खरेदीच्या वेळी मात्र त्यांना दाराबाहेर ठेवते. खरा लढा येथे आहे.

तेव्हा माझ्या सूचना थोड्या आहेत. धंद्यासाठी दिलेल्या कर्जाचा पहिला हप्ता त्या धंद्याचे उत्पन्न सुरू झाल्यानंतर पडावा, अशी मागणी आपण राष्ट्रीयीकृत आणि सहकारी बँकांकडे धरावी. जोखमीचा वाटा सार्वजनिक निधीने उचलावा. एका गावात एकाच धंद्यासाठी सुटी सुटी कर्जे काढण्याऐवजी कच्च्या मालाची खरेदी आणि तयार मालाची विक्री यांची सहकारी संस्था आधी उभारावी. गणवेष, आहार आणि सरकारी खरेदीतील लहान कामे गटांना मिळावीत म्हणून प्रत्येक निविदेच्या अटी वाचून त्यांवर हरकती घ्याव्यात. छोट्या पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत चुकते करावेत, हा नियम २००६ च्या कायद्यात आहे. त्याचा लाभ मिळण्यासाठी लागणारी नोंदणी आणि कागद आपल्या भगिनींकडे असावेत, हे पाहणे आपलेच काम आहे.

आणि एक काम तर उद्यापासूनच करता येईल. येथून परतल्यावर प्रत्येकाने आपल्या भागातील एका धंद्याचा वर्षाचा हिशेब त्या भगिनीबरोबर बसून लिहावा. माल कोणाकडून येतो, कोणत्या भावाने. कोण विकत घेतो, पैसे केव्हा देतो. हप्ते किती, कोणकोणाचे. आणि ते धंद्यातून जातात की मजुरीतून. पुढील अभ्यासवर्गात हे हिशेब एकत्र मांडू. नव्या कर्जाची शिफारस त्यानंतर करावी. तोपर्यंत कोणाही भगिनीला कर्ज घेण्याचा आग्रह करू नये. मी तो एकदा केला आहे, आणि त्या भगिनी अजूनही खुरप्यावर हप्ता फेडीत आहेत.